शेऱ्याचा रकाना

रेवाचं भूगोलाचं पुस्तक पोह्यांच्या बशीला टेकून उभं होतं आणि एक घास, एक ओळ अशा चालीने तिचं पाठांतर चाललं होतं. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली. शाळा सेमी-इंग्लिश, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत आणि बाकीचं जग मराठीत. मी ओट्याशी उभ्याउभ्या चहा पीत होते. अकरा वाजता पनवेलच्या कोर्टात माझी साक्ष होती, त्यामुळे रेवाकडे कान अर्धाच होता. "अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची भरती," ती म्हणाली आणि घास गिळून हसली. "आई, भांग म्हणजे होळीला पितात तीच का गं? अष्टमीला समुद्र पिऊन पडतो की काय?" मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. "काय म्हणालीस?" "भांगाची भरती. त्या दिवशी पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. तुला नव्हतं का हे शाळेत?" मला होतं. पुण्यात, आठवीत, दोन मार्कांना होतं. नदीवरचा पूल सोडला तर पाणी कशाला म्हणतात हे ठाऊक नसलेल्या चाळीस मुलींनी ते घोकलं होतं आणि मी दोन्ही मार्क मिळवले होते. कप मी ओट्यावर ठेवला. तो नीट ठेवला गेला नाही, थोडा चहा सांडला, आणि तो पुसायचं मला सुचलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, कॅन्सरच्या वॉर्डात, काशिराम खाटेवर पाय खाली सोडून बसला होता. उजवा गाल आतून पोखरलेला, जबड्यापर्यंत गेलेला कॅन्सर, बोलताना अर्धे शब्द तोंडातच राहायचे. उरणकडच्या खाडीकाठचा कोळी, वय सत्तरच्या घरात, अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा आणि तो झगा आपल्याला कुणी घातला याचं चेहऱ्यावर थोडं हसू. मी फॉर्म मांडीवर घेऊन समोर बसले होते. "आज तारीख काय, बाबा?" तो म्हणाला, "आष्टमी." मी लिहिलं: तारीख सांगता येत नाही, धार्मिक उल्लेख. "वार कोणता?" तो म्हणाला, "भांग हाय." मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं होतं, हे मला आता स्वच्छ आठवतं. काहीतरी सापडल्यासारखं वाटलं होतं मला. लिहिलं: असंबद्ध उत्तर, भांगेचा उल्लेख, सेवन करत असावा. "आता साधारण किती वाजले असतील?" त्याने माझ्या खांद्यावरून खिडकीकडे पाहिलं. तिथून तिवरांचा पट्टा आणि त्याच्यामागे खाडीची चकाकी दिसायची. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "सुकती हाय. थोरी रायली." मला वाटलं, तोंड सुकलंय म्हणतोय. तोंडाच्या कॅन्सरमध्ये, रेडिएशनचा शेक दिलेल्या माणसाचं तोंड सुकतंच. तेवढ्यात दारातून त्याची मुलगी मैना म्हणाली, "बाय, तो पान्याचा सांगतंय." मी पाणी ओतलं, ग्लास त्याच्या ओठाला लावला. तो एक घोट प्यायला, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. मग मी मैनेला बाहेर जायला सांगितलं, कारण नातेवाइकांनी उत्तरं सुचवू नयेत असा नियम आहे. तो नियम मीच केलेला आहे.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. नोकरीची पहिली दहा वर्षं मी तुरुंगातल्या माणसांना तपासण्यात घालवली. हा माणूस खटल्याला उभा राहण्याच्या मनःस्थितीत आहे का, याला आपण काय केलं ते कळतं का, एवढंच मला कोर्टाला सांगायचं असे. पुढे कॅन्सरच्या वॉर्डात आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रश्न तोच आहे, फक्त खाट बदलली आहे. ऑपरेशनला 'नको' म्हणणारा रोगी विचार करून म्हणतो की वेदनेने, औषधांनी त्याची बुद्धी फिरली आहे? त्याच्या 'नाही'ला किंमत द्यायची की नाही? या प्रश्नावर माझं संशोधन उभं आहे. एकशे बारा रोगी, चार वर्षं, आणि एक प्रश्नावली, जी मी परदेशी प्रश्नावलीवरून मराठीत बसवली. भाषांतर नव्हे, बसवली, असं मी परिषदांमध्ये आवर्जून सांगत असे. 'तुमचं वास्तव्य कोठे आहे' काढून 'तुम्ही राहता कुठे' केलं होतं आणि त्याचा मला भारी अभिमान होता. पहिल्या भागात दहा प्रश्न: तारीख, वार, महिना, वेळ, जागा असे. दुसऱ्या भागात खरा मुद्दा: आजार काय, उपाय काय, तुम्हाला काय हवं. आणि दोन्हींच्या मध्ये माझी एक ओळ. पहिल्या भागात सहापेक्षा कमी गुण पडल्यास दुसऱ्या भागातील उत्तरे ग्राह्य धरू नयेत. काशिरामला दहापैकी चार मिळाले.

दुसरा भाग तरीही मी विचारला होता. शिस्त म्हणून. "ऑपरेशनमध्ये जबडा काढतील, बाबा. नाही काढला तर आजार वाढेल." तो म्हणाला होता, "जबरा काढून किती दिस जगंन?" मी म्हटलं, सांगता येत नाही, वर्ष, दीड वर्ष. "न नाय काढला त?" महिना, दोन महिने. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "घरा जायाचा हाय माला." यापेक्षा स्पष्ट उत्तर त्या एकशे बारांत क्वचितच कुणी दिलं असेल. प्रश्न, आकडा, हिशेब, निर्णय, सगळं त्यात होतं. मी ते उतरवून घेतलं आणि पुढे कंसात लिहिलं, ग्राह्य नाही. खाली सही केली: डॉ. अरुंधती. माझी सही फार सुबक आहे, लोक म्हणतात डॉक्टरची वाटत नाही.

पुढचं मला त्या वेळी ऐकून माहीत होतं. बाप निर्णय घेऊ शकत नाही असा दाखला मिळाल्यावर मुलाने, कल्पेशने, ऑपरेशनच्या संमतीवर सही केली. शुक्रवार ठरला. बुधवारी मैनेने बापाचा अंगठा स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेण्याच्या कागदावर घेतला आणि त्याला घेऊन गेली. एकविसाव्या दिवशी तो घरीच वारला. दिवसकार्य उरकलं तसा कल्पेश पोलिसांत गेला, वेड्या बापाला बहिणीने दवाखान्यातून पळवलं आणि उपचारावाचून मारलं म्हणून. हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला उभा राहिला आणि त्याचा पाया माझा फॉर्म होता. त्यात शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एक वाक्य आहे, 'मुलगी उत्तरे सुचवते, बाहेर पाठविले'. सरकारी वकिलांना ते वाक्य फार आवडलं होतं. "मॅडम, यातून बाईचा इरादा दिसतो," ते फोनवर म्हणाले होते. मला तेव्हा त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नव्हतं, उलट आपण बारकाईने लिहितो याचं बरं वाटलं होतं.

"आई, ऐक ना, आमच्या मॅडमनी एक ट्रिक सांगितलीय," रेवा म्हणत होती. तिच्या भूगोलाच्या बाई उरणच्या. "तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. सोप्पं!" मी मसाल्याचा कप्पा उघडला. डबे एकेक करून ओट्यावर काढले. तळाला जुनं कॅलेंडर अंथरलेलं होतं. माझ्या घरात कप्पे दोन-दोन वर्षं साफ होत नाहीत, याबद्दल सासूबाई मला कायम ऐकवायच्या, ते त्या दिवशी कामाला आलं. डिसेंबरचं पान हळदीने पिवळं झालेलं आणि एका कडेला तेलाचा डाग. २३, सोमवार. आकड्याखाली बारीक अक्षरात अष्टमी. त्याच चौकोनात मी पेनने 'सिलिंडर' लिहिलं होतं. म्हणजे त्या दिवशी सकाळी मी या चौकोनाकडे पाहिलं होतं, अष्टमी या शब्दाच्या अंगावर माझं सिलिंडर लिहिलं होतं, आणि तीन तासांनी एका माणसाने मला आष्टमी म्हटल्यावर मी लिहिलं होतं की याला तारीख सांगता येत नाही. मी फॉर्मची प्रत पर्समधून काढली. तपासणीची वेळ: सकाळी ११.१०. सुकती म्हणजे ओहोटी. रेवाच्या पुस्तकात ओहोटी आहे, सुकती नाही, पण आता मला ते कुणी सांगायची गरज राहिली नव्हती. अकरा दहाला ओहोटी आणि ती संपायला थोडीच उरलेली. त्या माणसाने मला मिनिटांच्या हिशेबाने वेळ सांगितली होती. माझ्या हाताला तेव्हा घड्याळ होतं, त्याच्या हातात सलाईनची सुई होती.

मला सुशांतचा, माझ्या नवऱ्याचा, राग आला तो याच वेळी. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तो डबा भरत होता. मी त्याला सगळं एका दमात सांगितलं. त्याने डब्याचं झाकण लावलं, विचार केला आणि म्हणाला, "पण तू खोटं नाही लिहिलंस. तुला ऐकू आलं ते लिहिलंस." मी म्हटलं, तेच तर. "आज तुला काय विचारणारेत? फॉर्म तुमचा का, सही तुमची का. विचारतील तेवढंच सांगायचं, जास्त बोलायचं नाही, हे तूच सगळ्या डॉक्टरांना शिकवतेस ना?" शिकवते. दर वर्षी एक कार्यशाळा घेते, 'साक्ष देताना', त्यात पडद्यावर पहिलंच वाक्य ते असतं. "आज साक्ष दे. मग शांतपणे तुझ्या संशोधनाच्या पेपरमध्ये काय दुरुस्ती करायची ती कर," सुशांत म्हणाला. तो वाईट माणूस नाही, उलट माझी काळजी त्याला माझ्यापेक्षा जास्त आहे. पण 'पेपर' म्हटल्याबरोबर मला त्यातला तक्ता चार आठवला.

तक्ता चार: खाडीकाठच्या सत्तावीस रोग्यांपैकी सात जणांत भांगेचं सेवन आढळलं. आढळलं! मी त्यावर एक परिच्छेद लिहिला होता. किनाऱ्यावरच्या समाजात नशेचं प्रमाण आणि निर्णयक्षमतेचा ऱ्हास यांचा संबंध. माझ्यासोबत आकडेवारी करणारा निकेश अमरावतीचा. त्याने एकदा विचारलं होतं, "मॅडम, उरणकडे भांग मिळते कुठं? मला तर एकही दुकान दिसलं नाही." त्यावर मी म्हटलं होतं, मिळत असेल, लपून. एक पुण्याची, एक अमरावतीचा, दोघं बसून समुद्राची भाषा तपासत होतो. परिषदेत या तक्त्यावर तीन प्रश्न आले, सगळे कौतुकाचे. एक ज्येष्ठ डॉक्टर चहाच्या वेळी मला म्हणाले होते, असं स्थानिक निरीक्षण कुणी करत नाही हो. त्या सात जणांपैकी काशिराम एक. उरलेले सहा कोण? त्यांची नावं मला आठवेनात. चेहरेही नाहीत. फक्त आठवत होतं की त्यांतल्या एका बाईने उत्तर देण्याआधी खिडकीकडे पाहिलं होतं, आणि मी लिहिलं होतं, लक्ष विचलित.

सव्वानऊला मी निघाले. रोडपालीहून पनवेलला जायला वीस मिनिटं पुरतात, कळंबोलीला ट्रेलर आडवे आले तर पाऊण तास. त्या दिवशी आडवे आले होते. गाडीत बसून मी स्वतःशी वाद घालत होते आणि दोन्ही बाजूंनी मीच हरत होते. समजा बोलले नाही. फॉर्म माझा, सही माझी, पाच मिनिटं. मैनेला कदाचित शिक्षा होणारही नाही. तिचा वकील सरकारी मदतीतून मिळालेला, नवखा असला तरी काहीतरी बोलेलच. कदाचित होईलही. झाली तर ती एका दाखल्यामुळे नाही झाली, अनेक गोष्टींमुळे झाली, असं मला स्वतःला सांगता येईल. मी हे सगळं तुरुंगात फार ऐकलं आहे. माणसं आपल्या हातून झालेल्या गोष्टीपासून स्वतःला कशी एकेक पाऊल लांब नेतात, त्याच्या नोंदी करण्यातच माझी वर्षं गेली. आता माझ्याच डोक्यात तेच शब्द, तेच 'अनेक गोष्टी', तीच पाऊलं. मला भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर. नोकरीची नाही तितकी. भीती वाटत होती ती त्या ज्येष्ठ डॉक्टरांच्या चेहऱ्याची, आणि निकेशच्या, आणि कोर्टाच्या मागच्या बाकांवर बसणाऱ्या लोकांची, ज्यांना 'भांग' हा शब्द पहिल्यापासून कळत होता.

गाढी नदीच्या पुलावर गाडी पुन्हा अडकली. खाली चिखल उघडा पडलेला आणि मधोमध पाण्याची एक पट्टी. निघताना कॅलेंडर पाहिलं होतं, पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेदहाला ओहोटी पुरी. घड्याळात नऊ पन्नास. पाणी कुठेच जात नव्हतं, वरही नाही, खालीही नाही. एक बगळा त्याच्या कडेला उभा होता. अकरा वर्षं मी या पुलावरून जाते. पाणी कमी-जास्त असतं एवढं दिसत होतं, पण ते मला काही सांगतंय असं कधी वाटलं नव्हतं. मागच्या टेम्पोने हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली आणि ठरवलं की बोलायचं, आणि पुढच्या सिग्नलला ठरवलं की नाही बोलायचं.

कोर्टाच्या व्हरांड्यात मैना भिंतीलगतच्या बाकावर बसली होती. चाळिशीची, कोळंबी विकते, हात खरबरीत आणि मांडीवर एकावर एक ठेवलेले. तिने मला ओळखलं आणि नजर काढून घेतली नाही. रागाने पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं. कल्पेश दुसऱ्या टोकाला उभा होता, बंदराच्या यार्डात कामाला असल्याचं गळ्यातल्या पट्ट्यावरून दिसत होतं. सुट्टी टाकून आला असावा. त्याने मला नमस्कार केला, वाकून, डॉक्टरला करतात तसा. दोघा भावंडांमध्ये पंधरा फूट अंतर होतं आणि येणारे-जाणारे सगळे त्या अंतरातून जात होते. सरकारी वकील लगबगीने आले. "मॅडम, पाच मिनिटांचं काम. फॉर्म ओळखायचा, सही ओळखायची, मत वाचायचं. सुटलात." मी मान डोलावली. पर्समध्ये हळदीने माखलेलं कॅलेंडरचं पान होतं आणि त्याचा वास मला येत होता. कदाचित फक्त मलाच येत होता.

पिंजऱ्यात उभी राहून मी शपथ घेतली. तिथे मी यापूर्वी साठ-सत्तर वेळा तरी उभी राहिले असेन. हात कुठे ठेवायचा, न्यायाधीशांकडे किती पाहायचं, हे सगळं अंगवळणी पडलेलं. "हा फॉर्म तुमचा?" हो. "ही सही तुमची?" हो. "रोग्याला दहापैकी किती गुण पडले?" चार. "मुलगी उत्तरं सुचवत होती म्हणून तुम्ही तिला बाहेर पाठवलंत, बरोबर?" बाहेर पाठवलं, बरोबर. उत्तरं सुचवत होती, हेही बरोबर. ती बरोबर उत्तर सुचवत होती. "तर डॉक्टर, तुमच्या मते त्या दिवशी काशिराम यांना निर्णय घेण्याची क्षमता होती का?" इथे 'नव्हती' म्हणायचं होतं. तीन अक्षरं. मागे कोणीतरी खोकलं. मी न्यायाधीशांकडे वळले. बाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मी म्हटलं, "होती. माझा दाखला चुकीचा आहे."

वकिलांचा हात कागदावर तसाच राहिला. "मॅडम, तुम्हाला प्रश्न कळला नाही बहुधा." मी म्हटलं, प्रश्न कळला, त्या दिवशी उत्तरं कळली नव्हती. मग मी बोलत सुटले. विचारलेलं, न विचारलेलं सगळं. आष्टमी ही तारीख होती. भांग म्हणजे पिण्याची नव्हे, कमी पाण्याच्या भरतीचा दिवस. सुकती म्हणजे ओहोटी. त्याने मला दिवस सांगितला, दिवसाची जात सांगितली, वेळ सांगितली, आणि मी त्या तिन्ही उत्तरांना शून्य दिलं. माझा आवाज थरथरत होता, कार्यशाळेत मी ज्याला तोल जाणं म्हणते तसा. मी पर्समधून कॅलेंडरचं पान काढलं आणि न्यायाधीशबाईंकडे पाठवलं. त्यांनी ते दोन बोटांनी धरलं, तेलाच्या डागाकडे पाहिलं, मग २३ वर बोट ठेवलं. "हे सिलिंडर काय आहे?" "ते माझं आहे," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. मी मागच्या बाकांकडे पाहिलं. गावाकडची आठ-दहा माणसं बसली होती. कुणालाच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. एका म्हाताऱ्याने फक्त मान हलवली, म्हणजे, हो, भांगच होता त्या दिवशी. दोन वर्षं ही माणसं तारखांना येत होती आणि त्यांना हा शब्द कुणी विचारलाच नव्हता.

सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली. फितूर. हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता, दुसऱ्यांबद्दल. तो अंगावर आला तेव्हा थोडा थंड लागला. मग त्यांनी उलट विचारायला सुरुवात केली. बाईच्या वकिलांनी तुमची भेट घेतली होती का? नाही. तुमच्यावर दबाव आहे का? नाही. दोन वर्षांनी आज सकाळी अचानक साक्षात्कार झाला? "हो," मी म्हटलं, "मुलगी आठवीचा भूगोल पाठ करत होती." ते न्यायाधीशांकडे पाहून हसले. "म्हणजे आठवीच्या पुस्तकात असलेली गोष्ट इतक्या मोठ्या तज्ज्ञाला माहीत नव्हती, यावर कोर्टाने विश्वास ठेवायचा?" हाच प्रश्न मी सकाळपासून स्वतःला विचारत होते. मी म्हटलं, "माहीत होती. दोन मार्कांना होती. समोर माणूस बोलतोय तेव्हा तीच गोष्ट बोलतोय हे कळलं नाही." अशा आणखी सहा तपासण्या आहेत हेही मी सांगू लागले, तेव्हा न्यायाधीशबाईंनी मला थांबवलं. या खटल्यापुरतं बोला, म्हणाल्या. आवाज कडक नव्हता. टंकलेखकाला त्यांनी सावकाश सांगितलं, लिहा, साक्षीदाराच्या म्हणण्याप्रमाणे रोगी त्या दिवशी शुद्धीत आणि निर्णयक्षम होता. कळफलकाचा आवाज झाला. पुढची तारीख पडली. मैनेच्या वकिलाने एकही प्रश्न विचारला नाही.

बाहेर आले तेव्हा पाय हलके व्हायला हवे होते, ते झाले नाहीत. मला वाटलं होतं मैना काहीतरी बोलेल. शिव्या देईल, किंवा रडेल. ती पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसली. माझ्यासमोर आला तो कल्पेश. मघाचा नमस्कार करणारा माणूस गेला होता, चेहरा उतरून गेलेला. "डाक्टर," तो म्हणाला, "मंग बाबा शाना व्हता?"

हा प्रश्न माझ्या सकाळच्या हिशेबात नव्हता. मैनेचा विचार केला, माझा केला, तक्ता चारचा केला. याचा केलाच नव्हता. "हो," मी म्हटलं.

"त्याला समजत व्हता सगला?"

"समजत होतं. माझ्यापेक्षा जास्त."

"मी सही केली ना पन," तो म्हणाला. "बाबा माला नको नको म्हंगत व्हता, हात धरून. मी बोललू, बाबा येरा झालाय, डाक्टरनी लिवून दिलाय. त्याच्या तोंडावर बोललू मी." त्याने गळ्यातला पट्टा मुठीत घट्ट धरला होता. "न हिला मी..." बहिणीकडे बोट दाखवायला हात वर झाला आणि अर्ध्यावरून खाली आला. मी माफी मागितली. शब्द बरोबर होते, पण आवाज वॉर्डात वाईट बातमी सांगतानाचा निघाला, आणि मला त्या आवाजाची लाज वाटली. माझ्या एका ओळीने एक माणूस जिवंतपणी वेडा ठरला, एक बहीण बापाच्या मरणाची आरोपी ठरली, आणि या मुलाने बापाशी शेवटचं जे बोलायचं ते माझ्या सहीच्या भरवशावर बोलून टाकलं. मैनेची सुटका होईलही. याची कशी होणार, ते मला कुठल्याही कोर्टात सांगता येण्यासारखं नव्हतं.

मैना बाकावरून बोलली. माझ्याशी नाही, भावाशीही नाही, समोरच्या भिंतीकडे पाहत. "घरा आला तवा बाबा हसत व्हता."

कल्पेशने मान वळवली. दोन वर्षांत ती त्याच्याशी बोलली नसावी, कारण तो दचकला.

"जबरा दुखं, तरी हसं. म्हंगला, डाक्टरीनबायला सुकती सांगितली, त तिनी पानी पाजला." तिने मांडीवरचे हात उलटे केले, पुन्हा सुलटे केले. "म्हंगला, तिला कय कलला नाय. पन पानी थंड व्हता. बरा वाटला."

कल्पेश भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला, तिच्या बाकापासून हातभर अंतरावर. रडत होता की नाही ते दिसलं नाही, मान खाली होती. मैना सरकली नाही आणि उठलीही नाही. मी तिथे उभी होते आणि त्या दोघांना माझी आता काही गरज नव्हती.

ग्लास मी धरला होता. स्टीलचा, बाहेरून दव आलेला. त्याच्या ओठाच्या चांगल्या बाजूला तो लावायचा हे मला न सांगता कळलं होतं, आणि एक थेंब हनुवटीवर आला तो मी बोटाने पुसला होता. शेऱ्याच्या रकान्यात ते लिहिलेलं नाही.